‘तुझ्या घरी सांगेन’ या धमकीची धार कशी काढायची: कॉलेजातल्या नात्यांसाठी मार्गदर्शक

कॉलेजातल्या नात्यात हात उचलला जाण्याच्या बऱ्याच आधी एक वाक्य येतं: ‘सांगू का तुझ्या घरी?’ पुण्यातलं हॉस्टेल असो की तालुक्याच्या गावातलं सीनियर कॉलेज, आपल्याकडची बहुतेक प्रेमप्रकरणं घरापासून लपवलेली असतात. ज्याला समोरच्या माणसाला मुठीत ठेवायचंय, त्याला एवढं भांडवल पुरतं. ‘घरी कळलं तर कॉलेज बंद आणि स्थळं बघायला सुरुवात’ हे तिला माहीत असतं, आणि तिला माहीत आहे हे त्यालाही माहीत असतं. म्हणून छळाची लक्षणं सांगण्याइतकाच या लेखाचा भर ही धमकी बोथट करण्यावर आहे.

लेखात बऱ्याच ठिकाणी त्रास देणारा ‘तो’ आणि सोसणारी ‘ती’ आहे, कारण गंभीर इजेपर्यंत जाणाऱ्या प्रकरणांत बहुतेकदा चित्र तसंच असतं. पण मुलांनाही हे सोसावं लागतं आणि ‘मुलगी तुला छळते?’ या हसण्यापायी ते बोलत नाहीत. समलिंगी नात्यात तर घरी सांगण्याची धमकी दुहेरी असते: नातं आहे हेही कळणार आणि कुणाशी आहे हेही.

पायरी १: सुरुवातीलाच एखादा छोटा ‘नाही’ म्हणून बघा

नातं कसं आहे हे ते गोड चाललेलं असताना कळत नाही. तुम्ही नकार दिल्यावर समोरचा माणूस काय करतो यावरून कळतं. त्यासाठी मोठा प्रसंग लागत नाही. ‘आज नको भेटायला, उद्या व्हायवा आहे.’ ‘मला हा फोटो स्टोरीला नकोय.’ ‘रविवारी मी मैत्रिणींबरोबर सिंहगडावर जाणार आहे.’ एवढंच म्हणा आणि पुढचे दोन दिवस बघा.

थोडा हिरमोड झाला, ‘अरे यार’ म्हणून झालं आणि विषय संपला, तर ठीक. रुसवा म्हणजे छळ नव्हे. पण नकाराची किंमत वसूल होत असेल तर सावध व्हा. म्हणजे दोन दिवस अबोला, मग ‘तुझ्यासाठी मी काय काय केलं’ची यादी, मग व्हायवाच्या सकाळी अकरा मिस्ड कॉल, आणि शेवटी कंटाळून तुम्हीच सॉरी म्हणणं. असं तीन-चार वेळा झालं की माणूस ‘नाही’ म्हणणं आपोआप सोडून देतो. नंतर मैत्रिणी विचारतात तेव्हा ती खरंच सांगते, ‘नाही गं, आमची भांडणं होतच नाहीत.’

पायरी २: काळजी आणि पहारा यांतला फरक फोनवर बघा

या पायरीवर मी मुद्दाम जास्त रेंगाळणार आहे, कारण आजच्या कॉलेजातला छळ बराचसा फोनमधूनच चालतो.

‘पोचलीस की मेसेज कर’ ही काळजी. ‘लाइव्ह लोकेशन दिवसभर चालू ठेव, बंद झालं तर मी समजून जाईन’ हा पहारा. रात्री बोलता बोलता झोप लागणं वेगळं आणि ‘कॉल कट करायचा नाही, झोपलीस तरी चालू ठेव, मला श्वास ऐकू आला पाहिजे’ हे वेगळं. दुसरी गोष्ट ऐकायला रोमँटिक वाटते. पण हॉस्टेलच्या खोलीत त्याचा अर्थ एवढाच की तिच्या रूममेटही आता तिच्याशी मोकळेपणाने बोलू शकत नाहीत.

इन्स्टाग्रामचा पासवर्ड एकमेकांना देणं हा विश्वासाचा पुरावा असल्यासारखं चालतं. तो देऊ नका. मागितला तर सरळ म्हणा, ‘माझ्या फोनात माझ्या मैत्रिणींच्याही गोष्टी आहेत, त्या तुला दाखवायचा हक्क मला नाही.’ या उत्तराचा फायदा असा की त्यात त्याच्यावर अविश्वास नसतो आणि त्याला पुढे वाद घालायलाही फारसं काही मिळत नाही. मग फॉलोअर्सची साफसफाई सुरू होते: हा कोण, तो का लाइक करतो, शाळेतल्या मित्राला काढ. एकेक नाव काढताना काही वाटत नाही. सहा महिन्यांनी यादीत तोच उरतो.

आणखी एक जागा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, विद्यापीठाचा परीक्षा फॉर्म, बँकेचं ॲप, यूपीआयचा पिन. पहिल्या वर्षाला ‘मी भरून देतो’ म्हणून त्याने मदत केलेली असते आणि सगळे पासवर्ड त्याच्याकडे राहतात. नातं छान चाललेलं असतानाच ते बदलून टाका. तेव्हा कुणाला राग येत नाही.

पायरी ३: चार गोष्टी आधीच बोलून घ्या

निरोगी नातं नशिबाने मिळतं असं आपण मानतो. खरं तर त्यातलं बरंचसं बोलून ठरवावं लागतं, आणि ते बोलणं टपरीवर चहा पिताना होऊ शकतं.

पैसे: कोण किती खर्च करतो, आणि खर्च केला म्हणजे काही ‘देणं’ लागतो का. माझं मत असं की विद्यार्थिदशेत हिशेब निम्मानिम्मा ठेवावा. महागडा फोन भेट देणारा पुढे तोच फोन तपासायला मागतो, हे फार वेळा घडतं. वेळ: परीक्षेच्या महिन्यात भेटीगाठी किती. घर: कुणाच्या घरी काय आणि कधी सांगायचं, आणि दुसऱ्याला न विचारता कुणीही सांगायचं नाही.

चौथी गोष्ट शरीराची. होकार प्रत्येक वेळी नव्याने लागतो. काल हो होतं म्हणून आज हो धरता येत नाही. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. दारूच्या नशेत काय चाललंय याचं भान नसलेल्या मुलीचा होकार कायदाही मानत नाही. आणि वय १८ च्या खाली असेल तर होकाराला कायद्यात स्थानच नाही. ज्युनियर कॉलेजमधल्या मुलामुलींनी हे नीट समजून घ्यावं. अकरावी-बारावीत बहुतेक जण १८ पूर्ण नसतात आणि तिथे २०१२ चा पॉक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण) कायदा लागू होतो, मग दोघांची राजीखुशी असो वा नसो.

पायरी ४: बिघडत चाललेलं नातं ओळखा

मारहाण झाली की ती ओळखायला लेख लागत नाही. कठीण असतं ते चक्र ओळखणं. स्फोट होतो, मग फुलं, रडणं, ‘मी बदलेन’, आईची शपथ. मग काही आठवडे इतके गोड जातात की स्फोटच खोटा वाटायला लागतो. आणि पुन्हा ताण चढतो. मधल्या गोड काळात घेतलेला निर्णय फसवा असतो. म्हणून तारीखवार चार ओळी कुठेतरी लिहून ठेवा, शक्यतो स्वतःच्या फोनबाहेर. मैत्रिणीला मेसेज करून ठेवला तरी चालतो. तीन महिन्यांनी वाचताना फेऱ्या दिसतात.

‘तू सोडलंस तर मी मरेन’ आणि हातावर ब्लेडने ओढलेल्या रेघांचे फोटो हा कॉलेजातला सर्रास प्रकार. इथे दोन्ही टोकं चुकीची आहेत. ‘नाटकं करतोय’ म्हणून दुर्लक्ष करू नका आणि त्याला जिवंत ठेवायची जबाबदारी एकट्याने अंगावरही घेऊ नका. लगेच त्याच्या रूममेटला, रेक्टरला किंवा घरच्यांना फोन करून धमकी जशीच्या तशी सांगा. जीव धोक्यात वाटला तर ११२ हा आपत्कालीन नंबर. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं, तो नंबर त्याला पाठवा. एवढं केल्यावर तुमचं कर्तव्य झालं. नात्यात राहणं हा त्यावरचा उपचार नाही.

काही खुणा मात्र थांबून विचार करण्याच्या नाहीत. गळा दाबला, हत्यार दाखवलं, ‘माझी नाहीस तर कुणाची होऊ देणार नाही’ म्हटलं, किंवा तुम्ही कुठे आहात हे सांगितलेलं नसताना तो तिथे उभा राहायला लागला, तर धोका जिवाचा आहे असंच धरा. गळा दाबल्यावर बाहेरून वळ दिसत नसला तरी आत सूज येऊन काही तासांनी त्रास होऊ शकतो. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना खरं कारण सांगा, ते कागदावर येऊ द्या.

पायरी ५: घरातलं एक माणूस आपल्या बाजूला आणून ठेवा

आता मूळ धमकीकडे येऊ. ‘घरी सांगेन’ हे हत्यार चालतं ते घरी काहीच माहीत नसतं म्हणून. आईवडिलांना सगळं सांगा असा उपदेश मी करणार नाही. बऱ्याच घरांत ते जमणारं नसतं. पण घराच्या आतलं किंवा घराला मान्य असलेलं एक मोठं माणूस निवडता येतं: मावशी, आत्या, वहिनी, नोकरी करणारी चुलत बहीण, शाळेतल्या बाई. मुलांसाठी मामा किंवा मोठा भाऊ. निवडताना एकच कसोटी लावा. आधी कुणी अडचण सांगितली तेव्हा या माणसाने प्रथम काय केलं? आरडाओरडा केला की जेवायला वाढलं?

सांगायला वेळ चांगली असताना सांगा, संकटात नव्हे. शब्द साधे ठेवा: ‘मावशी, कॉलेजात एक मुलगा आहे, मला आवडतो. आत्ता काही अडचण नाही. पण कधी अडचण आली तर मी आधी तुला फोन करणार आहे. आईला सांगायची वेळ आली तर आपण दोघी मिळून सांगू.’ एवढ्यावर धमकीचा निम्मा जीव जातो. पुढे कधी तो म्हणालाच ‘सांगू का घरी?’ तर ‘मावशीला माहीत आहे, बोल तिच्याशी’ हे उत्तर तयार असतं.

अडचण आधीच आली असेल तर क्रम बदलतो. त्याच्या तोंडून तिखटमीठ लावून घरी जाण्याआधी आपल्या तोंडून सरळ जाऊ दे. पहिलं वाक्य घटनेचं नको, मागणीचं असावं: ‘मला तुझी मदत हवीय, आधी पूर्ण ऐकून घे.’ मग काय झालं, आता तो काय करेल असं वाटतं, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय: पोलिसांत सोबत, हॉस्टेल बदलणं, नुसतं रात्री फोनवर असणं.

आईवडिलांसाठी एक परिच्छेद. मुलीने असं काही सांगितलं की पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही जे बोलाल, त्यावरून ती पुढचं सांगायचं की नाही ते ठरवेल. ‘तुझं शिक्षण थांबणार नाही’ हे वाक्य आधी उच्चारा, रागवायला पुढे आख्खा महिना पडलाय. मोबाइल काढून घेऊ नका. पुरावा त्यातच असतो. आणि त्या मुलाला गाठून चोप देण्याचा बेत करू नका. त्याने मुलीची बाजू पोलिसांत कमकुवत होते आणि बदल्याचं चक्र सुरू होतं.

एक अपवाद ठळकपणे सांगायला हवा. जात किंवा धर्म वेगळा आहे आणि घरातूनच जिवाला धोका वाटतो, तिथे वरचा सल्ला लागू नाही. अशा वेळी महिला हेल्पलाइन १८१ किंवा ११२ वर बोला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्हा पातळीवर विशेष कक्ष नेमण्याचे निर्देश दिलेले आहेत. पोलीस अधीक्षक कार्यालयात त्याचा संदर्भ देऊन लेखी अर्ज करता येतो.

पायरी ६: फोटो किंवा व्हिडिओ दाखवून धमकावत असेल तर

पैसे देऊ नका, भेटायला जाऊ नका. एकदा दिलं की मागणी वाढते. घाबरून चॅट डिलीट करू नका. धमकीचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात नंबर किंवा प्रोफाइलचं नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. प्रोफाइलची लिंक वेगळी लिहून ठेवा, कारण नाव बदलता येतं. मूळ चॅट ज्या फोनवर आहे तो विकू नका, फॉरमॅट करू नका. न्यायालयात त्याचं महत्त्व स्क्रीनशॉटपेक्षा जास्त.

मग पसरण्याला आळा. तुम्ही १८ पूर्ण असाल तर ‘स्टॉप एनसीआयआय डॉट ऑर्ग’ या मोफत सेवेचा उपयोग होतो. फोटो तुमच्या फोनातच राहतो, त्याचा फक्त एक सांकेतिक ठसा तयार होऊन सहभागी कंपन्यांकडे जातो आणि जुळणारा फोटो तिथे चढवायचा प्रयत्न झाला तर तो अडवता येतो. १८ च्या आतल्यांसाठी ‘टेक इट डाउन’ ही तशीच सेवा आहे. फोटो चढलाच असेल तर त्या ॲपवर स्वतः तक्रार करा. अशा खासगी चित्रांसाठी २०२१ च्या आयटी नियमांनी कंपन्यांवर २४ तासांची मुदत घातली. तुमची स्वतःची तक्रार त्यासाठी महत्त्वाची.

सरकारी तक्रार ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ वर. तिथे महिला आणि मुलांसंबंधीच्या गुन्ह्यांसाठी वेगळा भाग आहे आणि नाव न देताही कळवता येतं. मात्र नाव देऊन केलेल्या तक्रारीचा पाठपुरावा करता येतो, म्हणून जमलं तर तीच करा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, १९३०.

‘फोटो मीच पाठवला होता, आता तक्रार कशी करू?’ हा प्रश्न सगळ्यात जास्त मुलींना अडवतो. उत्तर कायद्यात स्पष्ट आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार चित्र काढायला संमती होती पण इतरांना दाखवायला नव्हती, तरी पसरवणं हा गुन्हाच आहे. पहिल्या वेळी शिक्षा १ ते ३ वर्षं. आयटी कायद्याची ६६ ई, ६७ आणि ६७ ए ही कलमंही लागतात, आणि त्यांत पीडित मुलगी की मुलगा हा भेद नाही.

पायरी ७: बाहेर पडताना

सोडून जाण्याचा काळ हाच सगळ्यात धोक्याचा. म्हणून ‘शेवटचं एकदा भेट, मग तुझ्या वाटेत येणार नाही’ याला नाही म्हणा. माझा एकच सल्ला पाळायचा असेल तर हा पाळा. वस्तू परत करायच्या असतील तर मित्राच्या हाती पाठवा.

भांडण नसलेलं साधं ब्रेकअप असेल तर समोरासमोर, दिवसा, माणसांत असलेल्या जागी बोलणं सभ्यपणाचं. पण भीती वाटत असेल तर सभ्यपणाचा हिशेब सोडा आणि मेसेज करा. एकदाच, स्पष्ट: ‘मला हे नातं पुढे ठेवायचं नाही. यापुढे मला फोन, मेसेज करू नकोस, भेटायला येऊ नकोस.’ कारणं देऊ नका, कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो. हा मेसेज पुरावाही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाचा गुन्हा ठरतो तो मुलीने अनिच्छा स्पष्ट दाखवल्यावरही संपर्क सुरू ठेवला तर, आणि तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणंही त्यातच येतं. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत, पुन्हा केलं तर ५ वर्षांपर्यंत शिक्षा.

त्यानंतर पूर्ण शांतता. चाळिसाव्या कॉलला वैतागून ‘काय आहे?’ म्हटलंत तर चाळीस कॉल केले की उत्तर मिळतं एवढंच तो शिकतो. शक्य असेल तर त्याचा नंबर सायलेंटवर टाका आणि मेसेज न उघडता साठू द्या. मनाला झेपत नसेल तर आधी पुरावा जपा, मग ब्लॉक करा.

मेसेज पाठवण्याआधी करायची कामं: व्हॉट्सॲपमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी यंत्र आहे का बघणं, गुगल मॅप्सवरचं लोकेशन शेअरिंग बंद करणं, गुगल आणि इन्स्टाचे पासवर्ड बदलून दुहेरी पडताळणी लावणं, खोलीची जास्तीची किल्ली परत घेणं, मूळ मार्कशीट आणि आधार त्याच्या खोलीवर असेल तर आधी आणणं. पुढचे काही आठवडे कॉलेजला जायची-यायची वेळ आणि रस्ता बदलता ठेवा. रेक्टर, वॉचमन आणि अभ्यासिकेतल्या दोन ओळखीच्यांना फोटो दाखवून सांगून ठेवा.

दोघं फ्लॅट घेऊन एकत्र राहत असाल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचाही आधार मिळू शकतो, पण लग्नासारखं नातं असल्याचं दाखवावं लागतं. नुसत्या डेटिंगला तो लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलंय.

पायरी ८: मित्रमैत्रिणींनी काय करायचं

मैत्रीण सांगायला आली तर ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ हे गिळून टाका. ‘सोड त्याला, नाहीतर माझ्याशी बोलू नकोस’ हेही. ती त्याच्याकडे दोनतीनदा परत जाईल. तुम्ही दार बंद केलंत तर त्याचं काम सोपं झालं. ‘तुझी चूक नाही. तुला काय करावंसं वाटतंय? मी सोबत येते’ एवढं पुरे.

नोव्हेंबर २०२० मध्ये वसईच्या एका तरुणीने जोडीदार जिवे मारण्याची धमकी देतो अशी लेखी तक्रार तुळिंज पोलिसांकडे दिली होती. नंतर तिने ती पुढे नेली नाही. नात्यामुळे घरच्यांशी संबंध तुटले होते. मे २०२२ मध्ये दिल्लीत त्याच जोडीदाराने तिचा खून केला आणि तिचा फोन लागत नाही हे घरच्यांच्या कानावर घातलं ते एका मित्राने. तक्रार मागे घेतली म्हणजे धोका संपला, असं मित्रांनी कधीही धरू नये. उलट त्या आठवड्यांत रोज फोन करावा.

मुलांच्या ग्रुपचं काम तर आणखी मोठं आहे. तिने हो म्हणण्याआधीच तिला ‘वहिनी’ म्हणायला सुरुवात होते. मग ‘वहिनी आज लायब्ररीत आहेत’, ‘वहिनी कुणाशी तरी बोलत होत्या’ अशा खबरा पोचवल्या जातात, तिचा नंबर मिळवून दिला जातो. गंमत वाटते, पण हे पाळत ठेवायला हातभार लावणं आहे. तिने नाही म्हटल्यावर मित्राला ‘पट जाएगी’ म्हणू नका. ‘चल, फोन दे इकडे, जेवायला जाऊ’ म्हणा.

पुण्यात सदाशिव पेठेत २७ जून २०२३ ला भर दिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला, नकार दिल्याच्या रागातून. आजूबाजूला माणसं होती. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे तरुण मध्ये पडले म्हणून ती वाचली. असं धाडस सगळ्यांना जमेल असं नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. पण ११२ लावणं, ओरडून गर्दी जमवणं, ‘अगं, तू इथे? सर शोधतायत तुला’ म्हणून मुलीला बाजूला नेणं हे कुणालाही येतं.

पायरी ९: कॉलेजची समिती

लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या कॉलेजच्या समितीला आपल्याकडे अजून ‘विशाखा समिती’च म्हणतात. अधिकृत नाव अंतर्गत तक्रार समिती, आणि कॉलेजांसाठी तिचे नियम यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१५ मध्ये केले. अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक, एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा, निम्म्या तरी महिला, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन निवडून आलेले विद्यार्थी. विभागप्रमुख, अधिष्ठाता यांसारख्या पदांवरच्या माणसांना समितीत बसता येत नाही. तुमच्या कॉलेजात बसले असतील तर तो लेखी हरकतीचा मुद्दा आहे.

तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रार मिळाल्यावर सात दिवसांत प्रत समोरच्याकडे जाते, त्याला उत्तराला दहा दिवस, चौकशी ९० दिवसांत. दरम्यान वर्ग किंवा विभाग बदलणं, त्याला तुमच्यापासून अंतर ठेवायला लावणं, तुम्हाला रजा मिळणं हे सगळं मागता येतं. मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही, म्हणून अर्जातच लिहा. समेट तुमची इच्छा असेल तरच, आणि त्यात पैशांची तडजोड चालत नाही.

अर्ज लिहिताना विशेषणं टाळा. ‘तो फार नीच आहे’ याचा उपयोग नाही. ‘१२ तारखेला दुपारी साधारण दोनला कँटीनमागे त्याने हात धरला, मी सोड म्हटलं, त्याने सोडला नाही, तिथे अमुक हजर होती’ याचा आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी तक्रारी फायलीत सापडत नाहीत.

पायरी १०: पोलीस

ठाण्यात गेल्यावर तुमचं म्हणणं कोणत्या स्वरूपात घेतलं हे विचारा: साधा अर्ज, अदखलपात्र नोंद की एफआयआर. पाठलाग हा दखलपात्र गुन्हा आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार हद्द कोणतीही असो, शून्य क्रमांकाने एफआयआर घ्यावाच लागतो. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत सही करायला जायचं. पाठलाग, विनयभंग अशा गुन्ह्यांत मुलीची माहिती महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते, आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. घेतला नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं. अनेक शहरांत पोलिसांचे महिलांच्या मदतीसाठीचे दामिनी पथक आणि भरोसा सेल आहेत, तिथून सुरुवात करणं सोपं जातं. वकिलाचा खर्च झेपत नसला तरी महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य आहे, नंबर १५१००. राहायला सुरक्षित जागा, दवाखाना आणि पोलीस यांची गाठ एकाच ठिकाणी हवी असेल तर जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर, १८१ वरून पत्ता मिळतो.

कॉलेज चालवणाऱ्यांसाठी

वर्षातून एकदा सभागृहात तीनशे मुलं बसवून घेतलेलं व्याख्यान फारसं उपयोगाचं नसतं. एनएसएसच्या शिबिरात वीस-पंचवीस जणांचे गट करा, मुलामुलींना आधी वेगळं आणि मग एकत्र बसवा, आणि एकच सराव करून घ्या: नकार द्यायचा आणि नकार ऐकून घ्यायचा. दुसरा भाग मुलांना कुणी कधी शिकवलेलाच नसतो.

हॉस्टेलचा एक नियम मात्र लगेच बदला. उशिरा आली की थेट घरी फोन, ही रेक्टरची पद्धत छळणाऱ्याच्या हातात आयतं कोलीत देते. तो मुद्दाम उशीर करवतो आणि मग ‘आता सांगू का रेक्टरला?’ म्हणतो. तक्रार करायला आलेल्या मुलीला ती किती वाजता, कुणाबरोबर, कुठे होती यासाठी शिक्षा होणार नाही, हे लेखी लावा. सुरक्षेच्या नावाखाली मुलींच्या हॉस्टेलला मुलांपेक्षा वेगळे जाचक नियम लावू नयेत, हे यूजीसीच्या २०१५ च्या नियमांतच आहे.

हे वाचताना आपणच त्रास देतोय असं वाटलं तर

असं वाटणारे वाचकही असतील. तिने ‘नको’ म्हटलंय आणि तरी रात्री हात फोनकडे जातोय, तर तिचा नंबर आणि चॅट काढून टाका. दुसऱ्या नंबरवरून, मित्राच्या खात्यावरून बघणंही थांबवा. माफी मागायची म्हणून मेसेज करू नका. तिने नको म्हटल्यावर माफीचा मेसेजही संपर्कच असतो. तिचे फोटो तुमच्याकडे असतील तर ते बॅकअपसकट कायमचे पुसा आणि कुणाला पाठवले असतील तर त्यांच्याकडूनही पुसून घ्या. प्रकरण तक्रारीपर्यंत गेलं असेल तर मात्र काहीही पुसण्याआधी वकिलाशी बोला. मग एका मित्राला खरं काय झालं ते सांगा आणि पुढचे पंधरा दिवस रात्री अकरानंतर फोन त्याच्याकडे ठेवा. झोप लागत नसेल, डोक्यात सारखं तेच फिरत असेल तर १४४१६ तुमच्यासाठीही आहे. कॉलेजात समुपदेशक असेल तर उद्याचीच वेळ मागून घ्या.